तुपाविना पंगत

घरी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांपैकी कोणी व्हीगन आहे असे कळले की यजमानीण बहुधा एकच प्रश्न विचारते, "मग त्यांना वाढायचे तरी काय?" गंमत अशी की हा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात त्याच दुपारी पिठले, भाकरी, ठेचा आणि कच्चा कांदा असे जेवण झालेले असते आणि त्यात प्राणिजन्य असे काहीही नसते. आपली अडचण रोजच्या स्वयंपाकाची नाही, ती पाहुणचाराची आहे. पाहुणा आला की आपण तुपाचे भांडे पुढे ओढतो, दह्याला विरजण लावतो, दूध आटवायला ठेवतो, आणि ताटात यातले काही नसले तर आपला हात आखडला असे आपल्यालाच वाटू लागते. या व्याख्यानात माझा आग्रह इतकाच आहे की दुधातुपाची सोंगे शोधत न बसता, ज्या पदार्थांना दूध कधी लागलेच नव्हते त्यांचेच पक्वान्नाचे ताट मांडावे, आणि ते एका पाहुण्यापुरते न मांडता सगळ्या पंगतीला वाढावे.

व्हीगन मंडळी मांस, मासे, अंडी तर खात नाहीतच, शिवाय दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, पनीर आणि मधही वर्ज्य मानतात. 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हीगन सोसायटी' स्थापन केली, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. आपल्याकडे पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून शाकाहारी पदार्थ ओळखण्याची सवय आहे, परंतु तो ठिपका दुधाच्या पदार्थांवरही असतो, त्यामुळे इथे तो कामाला येत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन पदार्थांसाठी वेगळे नियम केले असून त्यांचे हिरव्या रंगातले 'व्ही' अक्षराचे चिन्ह आता काही पाकिटांवर दिसते. ते नसेल तेव्हा घटकांची यादी वाचावी आणि तिच्यात 'मिल्क सॉलिड्स', 'व्हे' किंवा 'केसीन' असे शब्द आढळले तर पाकीट परत ठेवावे. जैन पाहुण्यांसाठी कांदा, लसूण आणि कंदमुळे वगळून उत्तम स्वयंपाक करणाऱ्या घरांना हे पथ्य अवघड वाटण्याचे कारण नाही. इथे तर कांदा, लसूण, बटाटा, सुरण सारेच चालते.

तुपाचा प्रश्न सर्वांत आधी घ्यायला हवा, कारण पंगतीची सुरुवातच वरणभात आणि त्यावरच्या तुपाने होते. साध्या वरणावर तेल सोडून तुपाची जागा भरत नाही, हे कबूल केले पाहिजे. तूप तिथे तीन कामे करते. ते भाताला मऊपणा आणते, डाळीचा कोरडेपणा घालवते आणि स्वतःचा वास देते. मात्र ही कामे दुसऱ्या रीतीने करून घेणारी घरे आपल्या मुलुखात पूर्वीपासून आहेत. गोव्यात वरणातच ओल्या खोबऱ्याचे वाटण घालतात, त्यामुळे ते मुळातच स्निग्ध होते. विदर्भात गोळाभात किंवा वडाभात वाढतात तेव्हा भातावर मोहरी, हिंग आणि सुक्या मिरचीची चरचरीत फोडणी तेलासकट ओततात आणि बाजूला चिंचेचे सार ठेवतात. भिजवलेल्या हरभऱ्याच्या किंवा मिश्र डाळी भरड वाटून त्यांचे गोळे भाताच्या वाफेवर शिजवायचे आणि ते भातात कुस्करून वर फोडणीचे तेल घ्यायचे, असा तो प्रकार असतो. गोळाभात मांडला की तुपाची आठवण कोणी काढत नाही, कारण त्या ताटात तुपासाठी जागा रिकामी ठेवलेलीच नसते. व्हीगन पाहुणचाराचे सूत्र मला या एका पदार्थात सापडते.

दुधाला खरा तोलामोलाचा जोडीदार नारळ आहे, आणि कोकण-गोव्याच्या स्वयंपाकाने हे काम आपल्यासाठी आधीच करून ठेवले आहे. नारळाच्या दुधाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण नवख्या हातांची फसगत तिथेच होते. एका मोठ्या नारळाचा चव कपभर कोमट पाण्यात वाटून फडक्यातून पिळला की दाट दूध निघते. तोच चोथा पुन्हा दीड कप पाण्यात वाटला की पातळ दूध मिळते. ही दोन दुधे वेगळी ठेवावीत. भाजी किंवा उसळ पातळ दुधात शिजवावी आणि दाट दूध शेवटी घालून, कडेने बारीक बुडबुडे दिसू लागताच आच बंद करावी. दाट दूध खळखळून उकळले तर त्यातली प्रथिने गोठतात, तेल सुटून वर येते आणि रस्सा फुटल्यासारखा दिसतो. पाहुणे उशिरा येणार असतील आणि पदार्थ पुन्हा गरम करावा लागणार असेल, तर चमचाभर तांदळाची पिठी पाण्यात कालवून रश्शात आधीच शिजवून घ्यावी, म्हणजे तो फुटण्याची शक्यता कमी होते. ताजे दूध उन्हाळ्यात काही तासांतच आंबते, म्हणून ते फ्रीजमध्ये ठेवावे. थंडीने वर साय धरली तर घाबरू नये, ढवळले की ती मिसळते.

या दुधाची सोलकढी सर्वांना ठाऊक आहे. आठ-दहा आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळावीत, त्यात नारळाचे दूध, ठेचलेली लसूण-मिरची आणि मीठ घालावे, आणि ही कढी गॅसवर अजिबात चढवू नये. मला मात्र ज्यासाठी पाहुण्यांना मुद्दाम बोलवावे असा पदार्थ शिरवाळे वाटतो. तांदळाच्या पिठीची उकड काढून तिचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच शेवग्यात, म्हणजे शेवया पाडायच्या साच्यात, घालून दाबायचे. खाली लांब पांढऱ्या शेवया पडतात आणि त्या गूळ-वेलची घातलेल्या नारळाच्या दुधात, म्हणजे रसात, बुडवून खायच्या. रस शिजवावा लागत नाही, गूळ बारीक चिरून दुधात विरघळला की झाले. शेवगा दाबायला जोर लागतो आणि मुटका निवला की तो दाबला जात नाही, त्यामुळे एकाने उकळत्या पाण्यातून मुटके काढायचे आणि दुसऱ्याने दाबायचे, अशी दोन माणसे लागतात. पाहुण्यांतल्या एखाद्या धट्ट्याकट्ट्या तरुणाला शेवग्यावर बसवले तर त्यालाही बरे वाटते आणि यजमानिणीचे खांदेही वाचतात. गोव्याचे मणगणेही असेच आहे. हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ, काजू आणि नारळाचे दूध एवढ्यांवर उभी राहिलेली ही खीर आहे, आणि तिच्यात कुठलीही अदलाबदल करावी लागत नाही. पुरणपोळीचे पुरण आणि कटाची आमटी यांत दूध नसतेच. पोळीची कणीक तेलात मळावी, तेलावर भाजावी आणि वाढताना दुधातुपाऐवजी वाटीत नारळाचे दूध द्यावे, जसे कोकणात अनेक घरांत देतात. उकडीच्या मोदकांच्या उकडीत चमचाभर तेल घातले तर तुपावाचून काही अडत नाही.

देशावरच्या स्वयंपाकात नारळ कमी, पण तिथे स्निग्धतेचे काम शेंगदाणा, तीळ, जवस, कारळे आणि सुके खोबरे करतात. भरल्या वांग्यांचा मसाला खमंग भाजलेल्या दाण्यांचे कूट, तीळ आणि खोबरे यांचा असेल आणि वांगी तेलात हळूहळू शिजली असतील, तर त्या रश्शाला वरून कशाचीच गरज नसते. जुन्नर-आंबेगावकडची मासवडी तर मेजवानीचाच पदार्थ आहे. बेसन पाण्यात घट्ट शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर भाजलेले तीळ, खोबरे, कांदा आणि लसूण यांचे सारण पसरून गुंडाळी करायची, तिच्या वड्या कापायच्या आणि काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्शाबरोबर वाढायच्या. नाव ऐकून पाहुणा दचकेल, तेव्हा त्यात मासा नाही हे आधीच सांगून ठेवावे. विदर्भातली पाटवडी-रस्सा हिचीच जवळची नातेवाईक. मसालेभात, काळ्या वाटाण्याची उसळ, डाळिंब्या, फणसाची भाजी, अळूवडी हे सगळे आपणहून चालणारे पदार्थ आहेत. मसालेभातावर तुपाची धार धरण्याचा हात तेवढा आवरावा आणि ओले खोबरे, कोथिंबीर सढळ पेरावी.

दह्याच्या बाबतीत मी थोडी कडक आहे. ताक आणि मठ्ठा यांना पर्याय होऊ शकतो. शेंगदाणे रात्रभर भिजवून, साले काढून, तिप्पट पाण्यात वाटून, गाळून ते दूध उकळून घ्यावे, कोमट झाल्यावर त्यात हिरव्या मिरच्यांची काही देठे बुडवून उबेला ठेवावे. देठांवरच्या जिवाणूंमुळे ते दूध आंबून विरजते. पहिले दही जरा उग्र लागते, त्याचेच विरजण वापरून लावलेले दुसरे दही अधिक चांगले होते. आले, हिंग, कोथिंबीर आणि मीठ घालून त्याचा मठ्ठा घुसळला तर तो जिलेबीबरोबर खपून जातो, मात्र जिलेबी तेलातली आणि दही न घालता आंबवलेली आहे याची खात्री करून घ्यावी. श्रीखंडाचे मात्र सोंग करू नये. काजू वाटून त्यांना केशर-वेलची लावली तर पदार्थ वाईट होत नाही, पण त्याला श्रीखंड म्हटले की खाणारा तुलना करू लागतो आणि यजमान त्या तुलनेत हरतो. त्यापेक्षा हापूसच्या दिवसांत दूध-तूप न घातलेला आमरस आणि तेलात तळलेल्या पुऱ्या वाढाव्यात.

न दिसणाऱ्या दुधातुपाकडे अधिक बारकाईने पाहावे लागते. चकलीच्या पिठात अनेक घरांत लोणी घालतात, शंकरपाळ्यांत दूध आणि तूप दोन्ही असते, करंजीच्या पारीला तुपाचे मोहन असते. चकलीला कडकडीत तेलाचे मोहन पुरते. करंजीची खुसखुशी घट्ट स्निग्धांशामुळे येते, म्हणून तिथे खोबरेल तेल बरे. ते सुमारे 24 अंश सेल्सिअसच्या खाली थिजते, त्यामुळे फ्रीजमध्ये ठेवून घट्ट झालेले वापरता येते. वनस्पती तूपही व्हीगन आहे, परंतु ते मी कोणाला सुचवत नाही. त्यातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे हे खरे, तरी पाहुण्यासाठी खास रांधताना चवीला इतकी उणी वस्तू का वापरावी, हा माझा प्रश्न आहे. बेकरीतला पाव, नान आणि बिस्किटे विचारल्याशिवाय आणू नयेत. मिठाईवरचा चांदीचा वर्ख जुन्या पद्धतीत जनावराच्या आतड्याच्या पडद्यांमध्ये कुटला जात असे, म्हणून वर्खाची मिठाई टाळलेली बरी. गुळपोळी तेलावर करता येते, आणि तिळगुळाच्या वड्यांच्या ताटाला तूप लावण्याची सवय असते तिथे तेलाचे बोट फिरवावे.

वाढण्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक म्हणजे चमचे. सगळा स्वयंपाक बिनदुधाचा केला असेल तर प्रश्नच नाही, पण घरातल्या वडीलधाऱ्यांना तुपाशिवाय घास उतरत नसेल, तर तुपाची वाटी आणि चमचा त्यांच्या ताटाशेजारी द्यावा, पंगतीत फिरवू नये. आग्रहाने वाढणाऱ्या आत्या-मावशींना हे आधीच सांगावे, कारण "थोडेसे तूप काही करत नाही" असे म्हणत त्यांचा हात पुढे येतो आणि पाहुणा संकोचाने गप्प बसतो. दुसरी गोष्ट काजू, शेंगदाणे आणि नारळाची. दूध गेले की या तिघांचा वापर वाढतो आणि नेमकी त्यांचीच काहींना ॲलर्जी असते. तेव्हा आमंत्रण देतानाच "काही चालत नाही असे आहे का?" हे मोकळेपणाने विचारावे. व्हीगन पाहुणा वेगळा बसवून त्याला वेगळे ताट देण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. सगळ्यांना एकच ताट वाढले तर तो दिवसभर आपल्या पथ्याचे स्पष्टीकरण देत बसण्याच्या त्रासातून सुटतो, आणि इतरांना जेवणात काय नव्हते हे बऱ्याचदा लक्षातही येत नाही.

राहिला चहा. जेवणानंतर पाहुणे निघायच्या बेतात असताना तो केला जातो आणि सवयीने हात दुधाच्या पातेल्याकडे जातो. सोयाचे दूध गरम कॉफीत कधी कधी फुटते, ओट्सचे दूध फार उकळले तर चिकट होते, आणि नारळाच्या दुधाचा वास चहाच्या वासाशी भांडतो. म्हणून मी आले आणि गवती चहा घालून कोरा चहा करते, त्यात साखरेऐवजी गूळ घालते आणि ज्याला दूध हवे असेल त्याच्यासाठी गरम दुधाचे भांडे आणि वेगळा चमचा बाजूला ठेवते.