रिळे भंगारात देण्यापूर्वी
(जळगाव येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘विसरलेले, पण घडवून गेलेले चित्रपट आणि मालिका’ असा आजचा विषय पत्रिकेवर छापला आहे. त्याची सुरुवात मी ज्या हकिकतीने करणार आहे ती मला इतकी प्रिय आहे की, तिला थोडा अधिक वेळ लागला तर आपण सांभाळून घ्यावे.

दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट जानेवारी 1927 मध्ये बर्लिनला प्रथम दाखवला गेला. तो चालला नाही, म्हणून वितरकांनी त्याला कात्री लावली आणि पुढची ऐंशी वर्षे जगाने पाहिला तो हा छाटलेला चित्रपट. कापलेला भाग कायमचा गेला, असेच सारे धरून चालले होते. मात्र कात्री लागण्याआधीची एक प्रत अर्जेंटिनाच्या एका वितरकाने ब्यूनस आयर्सला नेली होती. त्या शहरात फिल्म क्लब चालवणाऱ्या एका गृहस्थांनी फर्नांडो पेन्या या अभ्यासकांना सांगितले की, हा चित्रपट दाखवताना प्रिंट थरथरू लागल्याने आपल्याला ती दोन तासांहून अधिक वेळ बोटाने दाबून धरावी लागली होती. दुसरा कोणी असता तर त्याने बोटाची चौकशी केली असती. पेन्या यांनी तासांची केली. चित्रपट इतका लांब कसा, या एका प्रश्नाचा त्यांनी वर्षानुवर्षे पिच्छा पुरवला आणि 2008 मध्ये तिथल्या चित्रपट संग्रहालयाच्या प्रमुख पाउला फेलिक्स-दिदिएर यांच्यासोबत ते डबे उघडले, तेव्हा सुमारे 25 मिनिटांचे हरवलेले चित्रण हाती आले. उरली होती ती 16 मिलिमीटरची नक्कल, आणि मूळ प्रिंटवरचे ओरखडे तिच्यात जसेच्या तसे उतरले होते. 2010 मध्ये पूर्ण केलेल्या प्रतीत तो भाग आला की पडद्यावर पाऊस लागल्यासारख्या उभ्या रेषा दिसतात. मला त्या रेषा पाहताना भरून येते, कारण कोणीतरी तो डबा फेकला नाही याची ती खूण आहे.

आता प्रभावाचे पाहा. मांगाला, म्हणजे जपानी चित्रकथेला, आधुनिक रूप देणाऱ्या ओसामु तेझुका यांनी या चित्रपटाचे केवळ एक छायाचित्र पाहून 1949 मध्ये ‘मेट्रोपोलिस’ याच नावाचा मांगा रचला आणि त्यावरून रिन्तारो यांनी 2001 मध्ये अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी शैलीचा चलतचित्रपट, केला. चित्रपट अपुरा असताना त्याच्या एका चित्राने हे घडवले.

अ‍ॅनिमे हे नातवंडांचे खूळ आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी 1990 च्या दशकातले दूरदर्शन आठवावे. मोगलीची ती मालिका निप्पॉन अ‍ॅनिमेशनने 1989 मध्ये केलेली, 52 भागांची जपानी कृती होती. गुलजारांच्या शीर्षकगीताचे पहिले शब्द मी उच्चारताच पुढची ओळ आपणच पूर्ण केलीत, यावरून तिचा प्रभाव मी वेगळा सिद्ध करण्याची गरज उरत नाही. त्या चित्रांची काळजी जपान घेईल. परंतु विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज हा ठेवा आपला आहे आणि तो आपणच जपला पाहिजे.

आपल्याच भागातील एका संस्थेत, तिचे नाव मी घेत नाही, जिन्याखाली 16 मिलिमीटरचा प्रोजेक्टर आणि पत्र्याच्या डब्यांची चळत पडून होती. एक डबा मी उघडून पाहिला, तेव्हा व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात शिरला आणि फीत कडेने वळून आखडलेली दिसली. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची फीत उष्णतेने आणि ओलाव्याने कुजू लागली की तिच्यातून आम्ल सुटते आणि शेजारच्या रिळांनाही ती बाधा होते. भुसावळचा पारा उन्हाळ्यात 45 अंशांच्या पुढे जातो, तेथे पत्र्याच्या छपराखाली रीळ किती तग धरणार? मी लेखी विनंती केली की, निदान डब्यांवरची नावे उतरवू द्या. रंगकाम काढल्यामुळे सारे डबे वजनावर भंगारवाल्याला दिले, असे उत्तर आले. त्यांत काय होते हे आता कोणालाच कळणार नाही, आणि हे शल्य मला आजही बोचते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा आता आवरते घेतो. विसरलेली कृती शोधायची असेल तर आवडत्या कृतीपासून मागे जावे आणि तिच्या कर्त्याने काय पाहिले होते ते विचारावे. युगो साको आणि राम मोहन यांच्या रामायणावरील भारत-जपान अ‍ॅनिमेपटाला 1990 च्या दशकात आपल्याकडे चित्रपटगृहे नीट मिळाली नाहीत. दूरचित्रवाणीवर तो पाहिलेल्या मुलांनी त्याची आठवण जिवंत ठेवली आणि 24 जानेवारी 2025 रोजी तो देशभर प्रदर्शित झाला. बीबीसीने स्वतः पुसून टाकलेल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे 9 भाग 2013 मध्ये नायजेरियात सापडल्याचे जाहीर झाले. मग अहिराणी चित्रपटांच्या आणि विनोदी नाटुकल्यांच्या व्हीसीडी खान्देशातल्या कपाटांखेरीज कोठे सापडणार?

घरी रीळ असेल तर ते प्रोजेक्टरवर चढवू नये. थंड, कोरड्या जागी ठेवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. व्हीसीडी असेल तर तिची संगणकावर नक्कल करावी आणि तिच्यातील कलाकारांची नावे जाणत्यांना विचारून लिहून ठेवावीत, कारण वेष्टनावर ती बहुधा छापलेली नसतात.