मानेवरची चमक कुणासाठी?

मघाशी एका मुलीने स्वतःचं मँडोलिन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "सर, वर जाताना अंगठा अडकतो." वाद्य नवंकोरं. मानेच्या, म्हणजे तारांखालच्या लांब दांड्याच्या, मागे आरशासारखी चमक. दुखणं तिथंच आहे.

मँडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच जुळवतात, जी-डी-ए-ई, फक्त जोडीजोडीने. बोटंही बरीचशी तशीच पडतात. पण व्हायोलिनच्या मानेला हात लावून पाहिलाय? बाकी अंगाला वॉर्निश असतं, मान मात्र जवळजवळ उघडी. कारागीर ती गुळगुळीत घासतो, तेलाचा नाहीतर लाखेचा अगदी पातळ हात देतो आणि जास्तीचं पुसून टाकतो. अंगठा दिवसभर जिथून सरकणार, तिथे थर कशाला चढवायचा? मँडोलिनच्या कारखान्यात हा विचार मागे पडला. सगळं वाद्य जोडून झालं की आख्ख्यावर एकदम फवारा. दुकानात झळकतंही छान!

गिब्सन या अमेरिकन कंपनीचं एफ-5 मँडोलिन 1922 साली आलं, तेव्हा त्यावर वॉर्निश असे. मग नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे फवारून द्यायचं पॉलिश, आलं. ते लवकर वाळतं, पण वाळतं म्हणजे त्यातला द्रावक उडून जातो, एवढंच. आत पक्कं जाळं तयार होत नाही. म्हणून वर्षानुवर्षांच्या घामाने आणि उबेने ते मऊ पडतं, चिकटतं. लाखेचंही तसंच. (ही लाख आपल्याच पळसा-बोरीवरच्या किड्यांची. सुताराच्या स्पिरिट पॉलिशमध्ये असते तीच.) पॉलियुरेथेनचा प्लास्टिकसारखा थर मऊ पडत नाही, तरी अंगठा अडतोच. ओलसर बोट काचेवरून सरकवून बघा. सपाट चकचकीत पृष्ठभागाला कातडी पूर्ण टेकते. तोच जरा खरखरीत केला, की ती फक्त उंचवट्यांना टेकते आणि हात सुटतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हा फरक लगेच कळतो.

म्हणून आधी सोपा उपाय. थर काढूच नका, फक्त चमक मारा. दोन्ही टोकांना मास्किंग टेप लावा आणि चार शून्यांचं स्टील वूल लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवा. पिकअप (तारांचा आवाज विजेत बदलणारं चुंबकी उपकरण) असेल तर आधी झाका, नाहीतर लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटून बसतो. काही महिन्यांनी हाताच्या घर्षणाने चमक परतते. तेव्हा पुन्हा दोन मिनिटं.

एवढ्यावर भागलं नाही, तरच लाकडापर्यंत घासायचं. पण ते नुसतं उघडं ठेवू नका. मानेचं मेपल लाकूड घाम आणि मळ पिऊन काळपट होतं, शिवाय दमट हवेत लाकूड फुगतं. टंग तेलाचे (टंग झाडाच्या बियांचं तेल) किंवा उकळलेल्या जवस तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक वेळी कोरडं पुसा. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेत वाळतं, त्यात उष्णता तयार होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती पसरून वाळवा.

जुनं, किमती वाद्य असेल तर यातलं काहीच करू नका. मूळ थर गेला की किंमत गेली.

आता या मुलीचं मँडोलिन. चहाच्या सुट्टीत तिच्या परवानगीने अर्ध्या मानेची चमक मारतो, अर्धी तशीच ठेवतो. रांगेने या आणि अंगठा फिरवून बघा.