प्रयोगशाळेतला जुना कॉम्प्युटर बदलताना

मित्रहो, बहुतेक प्रयोगशाळांत एक कॉम्प्युटर असा सापडतो, ज्याच्या मॉनिटरवर कागद चिकटवलेला असतो: ‘हा संगणक बंद करू नये.’ कागद पिवळा पडलेला, चिकटपट्टीच्या कडा काळ्या झालेल्या, आणि ज्याने तो लावला तो केव्हाच पदवी घेऊन गेलेला. पंखा घरघरत असतो. त्याला जोडलेलं यंत्र मात्र ठणठणीत असतं आणि त्याच यंत्रावर तुमच्यापैकी कुणाचा तरी प्रबंध अवलंबून असतो. आज मला या कॉम्प्युटरबद्दलच बोलायचं आहे.

तो कागद लावणाऱ्याला कुणी हसू नये. त्याची भीती खरी होती. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली हार्ड डिस्क बंद होऊन थंड झाली, की पुन्हा फिरायला लागेलच याची खात्री नसते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी कधीच संपलेली असते. वीज चालू आहे तोवर ते कळत नाही. वीज गेली की तारीख आणि डिस्कची मांडणी दोन्ही पुसली जातात, आणि सुरू करताना मशीनला स्वतःची डिस्कच सापडत नाही. साधारण १९९९ ते २००७ या काळातल्या कितीतरी मदरबोर्डांवर सदोष कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबीसारखे भाग, बसले होते. आतला द्रव हळूहळू बिघडतो आणि वरचं सपाट झाकण फुगतं. पेटी उघडून टॉर्च मारलात तर ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मी कुठल्याही जुन्या मशीनकडे गेलो की आधी तेच बघतो.

मग नवा का आणत नाहीत? कारण यंत्राचं आयुष्य आणि कॉम्प्युटरचं आयुष्य यांचा मेळ बसत नाही. चांगला स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे वर्णपट मोजणारं यंत्र, वीस-पंचवीस वर्षं नीट मोजतो. त्याला चालवणारं कार्ड ज्या खाचेत बसतं, ती खाच मात्र नव्या मदरबोर्डवरून केव्हाच गेलेली असते. आयएसए ही खाच १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीबरोबर आली. पुढे पीसीआय आली, तीही आता दुर्मीळ. खाच मिळाली तरी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, अडतो, कारण ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचे ड्रायव्हर चढत नाहीत आणि १६ बिटांचे प्रोग्राम तर उघडतच नाहीत. कधी परवान्याची चावी म्हणून प्रिंटरच्या जुन्या पोर्टमध्ये एक ठोकळा खोचलेला असतो, तो हरवला की सगळंच बंद. त्यामुळे वरून साधी खरेदी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात यंत्राचा एक अवयव बदलण्याची असते. आणि अवयव बदलला की यंत्र आधीसारखंच मोजतंय का, हे पुन्हा तपासावं लागतं. माझं आजचं मुख्य म्हणणं एवढंच आहे, आणि ते मला एका गणिताच्या प्राध्यापकाची हकीकत सांगून पटवायचं आहे.

थॉमस नाइसली अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजात गणित शिकवत. जुळ्या मूळसंख्या म्हणजे ११ आणि १३, १७ आणि १९ अशा दोनच्या अंतरावरच्या जोड्या. त्यांच्या व्यस्तांची, म्हणजे १/११, १/१३ अशा अपूर्णांकांची, बेरीज ते अनेक पीसींवर मिळून काढत होते. मार्च १९९४ मध्ये त्यांनी या ताफ्यात इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचं एक नवं मशीन घातलं. जूनमध्ये आकडे जुळेनात. आता विचार करा, अशा वेळी आपण कुणावर संशय घेऊ? आधी स्वतःच्या प्रोग्रामवर, मग त्याचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरवर, मग जुन्या मशीनवर. नव्याकोऱ्या प्रोसेसरवर कुणीच घेणार नाही. नाइसलींनी एकेक शक्यता चार महिने खोडत नेली. ऑक्टोबरपर्यंत त्यांची खात्री पटली की ८२४६३३७०२४४१ या संख्येचा व्यस्त पेंटियम चुकीचा काढतो आणि आधीच्या पिढीच्या प्रोसेसरचं जुनं ४८६ मशीन बरोबर काढतं.

चूक प्रोसेसरच्या भागाकारात होती. भागाकार वेगाने व्हावा म्हणून चिपमध्ये एक सारणी कोरलेली होती आणि तिच्यातल्या काही नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या. पुढे लोकांनी लहान उदाहरणं शोधली. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचं उत्तर १.३३३८२० असं यायला हवं, ते त्या चिपवर १.३३३७३९ यायचं. चौथ्या दशांश स्थळावरच चूक! डिसेंबरमध्ये इंटेलने मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर केलं आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च मांडला.

ही गोष्ट बहुतेक वेळा कंपनीच्या चुकीची म्हणून सांगितली जाते. मला ती प्रयोगशाळेच्या शिस्तीची वाटते. नाइसलींनी नवं मशीन आलं म्हणून जुनं काढून टाकलं असतं, तर तुलनाच झाली नसती. जुनं ४८६ तेच गणित शेजारी करत होतं, म्हणून चूक सापडली.

तुम्ही म्हणाल, ते चिपचं होतं, एकदाच घडलं. मग २०१९ची गोष्ट ऐका. चुंबकीय अनुनादाच्या गणनेसाठी रसायनशास्त्रज्ञ वापरत असलेली पायथन भाषेतली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवली. डेटा तोच, स्क्रिप्ट तीच, उत्तरं वेगळी. स्क्रिप्टने धरून चाललं होतं की फाइलींची यादी ठरावीक क्रमाने येईल. तो क्रम प्रत्येक सिस्टिमवर वेगळा निघाला आणि फाइलींच्या जोड्या चुकल्या. पडद्यावर लाल अक्षरांत काहीही आलं नाही. उत्तर आलं, व्यवस्थित दशांशासकट आलं, फक्त ते खरं नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या हातून झालेलं सांगतो. आमच्या एका जुन्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा, म्हणजे द्रावण कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्राचा, कॉम्प्युटर मी बदलला. यंत्र साध्या सिरीयल केबलवर बोलायचं, त्यामुळे काम सोपं होतं. नव्या मशीनवर सॉफ्टवेअर चढवलं, यूएसबीचा कन्व्हर्टर लावला, यंत्र ओळखलं गेलं, आलेख आला. मी समाधानाने घरी गेलो. तीन आठवड्यांनी एक विद्यार्थिनी दोन आलेख एकावर एक ठेवून घेऊन आली. तिच्या संयुगाचं शिखर जरासं सरकलं होतं. तिला वाटलं आपलं द्रावण बिघडलं, आणि तिने ते दोनदा नव्याने केलं होतं. आम्ही यंत्र तपासायची होल्मियमची काच लावली. या काचेची शिखरं ठरलेली असतात, त्यांतलं एक ३६१ नॅनोमीटरच्या आसपास. ते आम्हाला ३६३ वर दिसत होतं. दोन नॅनोमीटरचा फरक संपूर्ण पट्ट्यावर होता.

कारण सापडायला दुपार गेली. जुन्या मशीनवर सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये एक छोटी मजकुराची फाइल होती. पूर्वी कधीतरी यंत्राची दुरुस्ती झाली तेव्हा कुणीतरी तरंगलांबीची सुधारणा तिच्यात एका ओळीत लिहून ठेवली होती. मी सॉफ्टवेअर मूळ सीडीवरून नव्याने चढवलं, तेव्हा त्या ओळीच्या जागी शून्य आलं. यंत्राचं इतक्या वर्षांचं शहाणपण त्या एका ओळीत होतं, आणि मी ते मागे टाकून आलो होतो. त्या मुलीचे तीन आठवडे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून पुढचं सगळं जरा कळकळीने सांगतो आहे.

जुन्या मशीनला हात लावण्याआधी त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत घ्या. फाइली कॉपी करणं पुरेसं नाही, डिस्कवरचा बिट अन् बिट उतरला पाहिजे. डिस्क बाहेर काढायची, अडॅप्टरने दुसऱ्या मशीनला जोडायची, तिच्यावर काहीही लिहिलं जाणार नाही याची काळजी घ्यायची आणि प्रतिमा बनवायची. डिस्क खराब व्हायला लागली असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. तो आधी धडधाकट भाग भराभर उचलून घेतो आणि खराब जागांवर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मरणपंथाला लागलेल्या डिस्कच्या बाबतीत हा क्रम फार मोलाचा असतो, कारण ती कुठल्या क्षणी थांबेल सांगता येत नाही.

केबली काढण्याआधी फोटो घ्या. बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ मांडणीच्या, प्रत्येक पडद्याचा फोटो घ्या. कार्ड काढलंत तर त्याच्यावरचे ते चिमुकले जंपर कुठल्या पिनांवर आहेत, त्याचाही जवळून फोटो घ्या. कॉम्प्युटर कार्डाला ज्यांवरून ओळखतो ते पत्ता आणि इंटरप्टचे आकडे त्यांच्यावरच ठरतात, आणि माहितीपुस्तिका बहुधा सापडत नाही.

वेगाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. जुन्या प्रयोगशाळांत टर्बो पास्कल या जुन्या प्रोग्रामिंग साधनात कुणीतरी प्रेमाने लिहिलेला प्रोग्राम असतो. तो जलद मशीनवर टाकला की सुरू होताक्षणी ‘रनटाइम एरर २००’ म्हणून कोसळतो. प्रोग्राम सुरुवातीला घड्याळाच्या एका ठोक्यात एक लूप किती वेळा फिरतो ते मोजतो आणि त्याला भागतो. मशीन इतकं जलद असतं की उत्तर १६ बिटांत मावत नाही. नवं मशीन इथे चांगलं असल्यामुळेच चालत नाही. यावर दुरुस्ती उपलब्ध आहे, पण हे आधी माहीत नसेल तर माणूस आठवडाभर केबली तपासत बसतो.

काही ठिकाणी आभासी मशीन हा उत्तम मार्ग असतो. जुन्या डिस्कची प्रतिमा नव्या कॉम्प्युटरच्या पोटात जशीच्या तशी चालवायची. यंत्र सिरीयल किंवा यूएसबीवर बोलत असेल तर हे बहुधा जमतं. आत कार्ड असेल तर बहुधा जमत नाही. तिथे मी सरळ सांगतो, जुनंच मशीन ठेवा, त्याच पिढीचा एक सुटा मदरबोर्ड मिळवून कपाटात ठेवा आणि त्याला नेटवर्कवरून काढा. विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला, तेव्हा कुणी काही क्लिक करण्याचीही गरज नव्हती. दुरुस्ती न बसवलेलं मशीन नेटवर्कवर असणं पुरेसं होतं, आणि दीडशेच्या आसपास देशांत त्याने फाइली कुलूपबंद केल्या. डेटा बाहेर काढायचाच असेल तर मध्ये एक छोटं, अद्ययावत मशीन ठेवा. जुनं फक्त त्याच्याशी बोलेल आणि बाहेरच्या जगाशी ते बोलेल. हातोहात फिरणारे पेनड्राइव्ह मला नेटवर्कइतकेच धोकादायक वाटतात.

आणि मग तो नाइसलींचा धडा. नवं चालू झालं तरी जुनं लगेच निर्लेखनाला पाठवू नका. एकच नमुना त्याच दिवशी दोन्हींवर मोजा. प्रमाणित काच किंवा प्रमाणित द्रावण दोन्हींवर लावा, शिखराची जागा आणि उंची दोन्ही लिहा. जुन्या कच्च्या फाइली नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा आणि जुन्या प्रबंधातला एखादा आकडा पुन्हा काढून पाहा. कंपनीच्या बंदिस्त फाइलींसोबत साध्या मजकुराची प्रतही ठेवा. वर्णपटांसाठी जेकॅम्प-डीएक्स हा प्रकार १९८८ पासून आहे, आणि त्या फाइली कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येतात.

आमच्या यंत्राच्या वहीत आता एक पान आहे. त्यावर कॉम्प्युटर बदलल्याची तारीख, आधीचे होल्मियमचे आकडे, नंतरचे आकडे आणि त्या फाइलीतली सुधारणेची ओळ जशीच्या तशी लिहिली आहे. शेजारी त्या तीन आठवड्यांत मोजलेल्या नमुन्यांची यादी आहे. ती त्या विद्यार्थिनीने केली. प्रत्येक नमुन्यापुढे पुन्हा मोजल्याची तारीख आहे, आणि दोन नमुन्यांपुढे तिने लिहिलं आहे: ‘द्रावण शिल्लक नाही, निष्कर्षात घेतलेला नाही.’