हॉटेलच्या खोलीचं दार खरंच बंद होतं का?

(हातात की-कार्ड, कॅमेऱ्यासमोर धरून)

नमस्कार मंडळी. हे कार्ड ओळखीचं आहे ना? चेक-इन झालं की हे हातात पडतं आणि आपल्याला वाटतं, चला, खोली आपली झाली. खोली झाली हो, पण दार हॉटेलचंच राहतं. ते उघडणारी कार्डं त्या इमारतीत आणखी बऱ्याच जणांकडे असतात. हाउसकीपिंगकडे, मेंटेनन्सवाल्यांकडे, ड्यूटी मॅनेजरकडे, शिवाय आणीबाणीसाठी एक वेगळं मास्टर ठेवलेलं असतं. त्यात गैर काही नाही. उद्या तुम्ही आत चक्कर येऊन पडलात तर कुणाला तरी आत येता आलंच पाहिजे. पण मग बाहेरच्या कुलपावर किती भरवसा टाकायचा, हे आपण ठरवायला हवं.

माझा हिशोब सरळ आहे. मी खोलीत नसताना दारावर विसंबत नाही. मी खोलीत असताना आतून काय लावलंय त्यावर विसंबते. आणि जे लावलंय ते अर्धवट झोपेत, अंधारात, चाचपडत काढता येईल असंच लावते. शेवटचा भाग बहुतेक व्हिडिओंत गाळला जातो, आपण त्याच्याकडे येऊच.

आधी कार्ड. त्यात तुमच्या क्रेडिट कार्डचा नंबर साठवलेला असतो ही अफवा फार जुनी आहे. साधारणपणे त्यात खोली आणि मुदत यांच्याशी संबंधित माहिती असते, तीसुद्धा सांकेतिक स्वरूपात. खरी गंमत कुलपात आहे. बऱ्याच हॉटेलांत ही कुलपं बॅटरीवर चालतात आणि रिसेप्शनच्या कॉम्प्युटरला जोडलेलीच नसतात. मग आधीच्या पाहुण्याचं कार्ड रद्द झालं हे दाराला कळतं कसं? नवं कार्ड दाराला पहिल्यांदा लागतं तेव्हा. म्हणून कार्ड हरवलं तर रिसेप्शनवर 'डुप्लिकेट द्या' म्हणू नका. 'नवीन की बनवा, जुनी बंद करा' असं सांगा, आणि नवं कार्ड घेऊन आधी वर जा, ते दाराला लावा, मग हवं तर जेवायला जा. अशा कुलपांत तोवर खालच्या कॉम्प्युटरने काहीही म्हटलं तरी हरवलेलं कार्ड चालू राहू शकतं.

आणि कुलूप कितीही आधुनिक दिसलं तरी ते फुटतं. 2012 मध्ये कोडी ब्रोशस नावाच्या संशोधकाने ओनिटी कंपनीच्या हॉटेल कुलपांची कमजोरी जाहीर दाखवली. कुलपाच्या खालच्या बाजूला एक छोटं सॉकेट असायचं, त्यात घरी जुळवलेलं स्वस्त यंत्र लावलं की दार उघडायचं. मार्च 2024 मध्ये सॅफ्लॉक कुलपांची पाळी आली. 131 देशांतली 30 लाखांहून जास्त दारं. त्याच हॉटेलचं कुठलंही एक कार्ड मिळवायचं, मुदत संपलेलंही चालेल, आणि त्यावरून दोन बनावट कार्डं तयार करायची. एक टेकवायचं, लगेच दुसरं टेकवायचं, दार उघडं. संशोधकांनी कंपनीला हे सप्टेंबर 2022 मध्येच कळवलं होतं. पण लाखो दारं एकेक करून दुरुस्त करायची म्हणजे वर्षं जातात. सॅफ्लॉकच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निघाली: आतून फिरवून लावायचा डेडबोल्ट, म्हणजे खटक्याहून वेगळा असलेला भक्कम अडसर, तोसुद्धा बनावट कार्डाने मागे सरकवता येत होता. इलेक्ट्रॉनिक्सशी काहीही देणंघेणं नसलेली साधी साखळी मात्र जागच्या जागी राहिली.

हे ऐकून घाबरायचं कारण नाही. तुमच्या दाराशी असा कसबी माणूस येण्यापेक्षा दार नीट न लागणं हीच जास्त शक्य गोष्ट आहे. ती कशी ओळखायची, ते दाखवते.

(टेबलावर दाराचं सुटं कुलूप, कॅमेरा जवळ)

हा मधला तिरका खटका. दार लोटलं की हा चौकटीच्या भोकात शिरतो. आता याला लागूनच बघा, ही बारीक दांडी. हिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. दार बंद असताना ही दांडी भोकात शिरायची नसते. तिने चौकटीच्या पट्टीवर टेकून दाबलेलंच राहायचं असतं. ती दाबलेली असेपर्यंत मोठा खटका मागे ढकलता येत नाही. आता मी तिला बोटाने दाबून धरते आणि खटका ढकलते. बघा, हलत नाही. दांडी सोडते. आता ढकलते. गेला मागे. म्हणजे दार जरा खाली बसलं असेल, किंवा चौकटीवरची पट्टी चुकीची असेल आणि ही दांडीही भोकात पडत असेल, तर फटीतून सरकवलेलं एखादं लवचीक प्लॅस्टिकही पुरतं. हे तपासायला हत्यार लागत नाही. खोलीत आलात की दार बंद करा, हँडलला हात न लावता दार आत-बाहेर हलवून बघा, खडखड किती होते ते ऐका. मग दार अर्धवट उघडून सोडून द्या. आपोआप येऊन पूर्ण लागलं पाहिजे. अर्धा इंच अलीकडे अडलं, तर तुम्ही घाईत बाहेर पडाल त्या दिवशी ते तसंच अडेल आणि दिवसभर उघडं राहील.

ही तपासणी बॅग उघडायच्या आधी. सामान पसरलं की माणूस 'जाऊ दे, एकच तर रात्र आहे' म्हणतो. बॅग बंद असते तोवर खोली बदलून मागायला काहीच वाटत नाही, आणि रिसेप्शनवाल्यांनाही त्यात नवीन काही नसतं.

(कॅमेरा दारावर)

आता आतली बाजू. ही वळणारी कडी, यू आकाराची. बाहेर कोण आहे ते बघायला दार थोडंसं उघडायला ही उत्तम. पण दोरी किंवा पट्टी वापरून ती बाहेरून सरकवता येते, त्यामुळे ती एकटी पुरत नाही. डेडबोल्ट आणि कडी, दोन्ही लावा.

दुसरं हे हँडल. खाली दाबायचं लांब हँडल. आतून हे दाबलं की डेडबोल्टसुद्धा सुटतो अशी रचना बऱ्याच कुलपांत मुद्दाम केलेली असते, आग लागली तर एका झटक्यात बाहेर पडता यावं म्हणून. आणि याच सोयीचा गैरफायदा घेतात. दाराखालच्या फटीतून वाकवलेली तार आत सरकवायची, वर उभी करायची, हँडलला अडकवायची आणि खाली ओढायची. उपाय बाथरूममध्येच आहे. टॉवेलची घट्ट गुंडाळी करा आणि ती दाराखालच्या फटीत कोंबा. तारेला शिरायलाच जागा राहत नाही, आणि कॉरिडॉरचा उजेडही येत नाही. हँडलवर टॉवेल टाकणारेही आहेत. मला फट बुजवणं बरं वाटतं.

रबरी पाचर, म्हणजे डोअर स्टॉपर, मिळतं ते. छान वस्तू आहे, बॅगेत जागा खात नाही. फक्त दार आतल्या बाजूला उघडणारं हवं, आणि फरशी घसरडी नको. बाहेर उघडणाऱ्या दाराला पाचर लावून तुम्ही फक्त स्वतःची समजूत घालता. दाराशी खुर्च्या, टेबल रचून ठेवायला मात्र मी सांगणार नाही. का ते आगीच्या भागात येईल.

दारातल्या भिंगाला आतून झाकण असेल तर ते पाडून ठेवा. नसेल तर टिश्यूचा बोळा, किंवा बँडेडची पट्टी. त्यात अतिरेक काही नाही. 2008 मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका हॉटेलात क्रीडा निवेदक एरिन अँड्रूज यांच्या दाराच्या भिंगात छेडछाड करून एका माणसाने त्यांचं चित्रीकरण केलं. पण ऐकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. त्याने आधी त्यांच्या शेजारची खोली मागितली होती आणि हॉटेलने ती त्याला दिली होती. 2016 मध्ये ज्यूरीने त्यांना 5 कोटी 50 लाख डॉलरची भरपाई देण्याचा निर्णय दिला. त्यातला निम्म्याच्या जवळपास भार हॉटेलच्या मालक आणि चालक कंपन्यांवर टाकला होता. कुलूप तुटलं नव्हतं. माहिती बाहेर गेली होती.

म्हणून खोलीचा नंबर सांभाळा. रिसेप्शनवर कुणी मोठ्याने 'चारशे बारा' म्हटलं, तर 'दुसरी खोली द्या आणि नंबर लिहून द्या' असं सांगायला लाजू नका. कार्डाच्या पाकिटावर नंबर लिहिलेला असतो, ते पाकीट खोलीतच ठेवा. नाहीतर कार्ड आणि पत्ता एकत्रच हरवतात. हॉटेलातून लाइव्ह फोटो टाकणाऱ्यांना काय सांगायचं, खिडकीतून दिसणाऱ्या दृश्यावरून मजलाही कळतो.

आता आग. मला विचाराल तर या व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं ही.

21 नोव्हेंबर 1980, लास व्हेगासचं एमजीएम ग्रँड हॉटेल. आग लागली खाली कॅसिनोच्या मजल्यावर, एका रेस्टॉरंटमध्ये. 85 माणसं गेली, आणि त्यातली बरीच जणं कितीतरी मजले वर होती. त्यांच्यापर्यंत ज्वाळा गेल्याच नाहीत. लिफ्टच्या पोकळीतून, जिन्यांतून, हवेच्या मार्गांतून धूर वर चढला आणि त्याने माणसं मारली.

यातून काय घ्यायचं? खोलीत शिरायच्या आधी जिन्याच्या दारापर्यंत एकदा चालत जा आणि वाटेतली दारं मोजा. मोजायची, बघून ठेवायची नाहीत. कारण धुरात बोर्ड दिसत नाही, तुम्ही खाली वाकून हाताने भिंत चाचपत चाललेले असता, आणि तेव्हा 'डावीकडे, चार दारं' एवढंच कामाला येतं. जिन्याचं दार ढकलून ते उघडतंय ना तेही बघा. पण आत शिरून ते मागे लागू देऊ नका, कारण पुष्कळ ठिकाणी जिन्याच्या बाजूने ते उघडत नाही.

रात्री उशाशी तीन वस्तू: टॉर्च, चप्पल आणि की-कार्ड. कार्ड का? तर बाहेर पडलात आणि कॉरिडॉर धुराने भरलेला निघाला, तर परत स्वतःच्या खोलीत येता आलं पाहिजे. अलार्म वाजला की आधी तळहाताच्या उलट्या बाजूने दार चाचपा. गरम असेल तर उघडू नका. ओले टॉवेल फटीत लावा, एसी बंद करा, अग्निशमन दलाला फोन करून खोलीचा नंबर सांगा, खिडकीशी जा. गार असेल तर कार्ड घ्या आणि जिन्याने उतरा. आता सांगा, दाराशी टेबल आणि त्यावर सुटकेस रचली असेल तर यातलं किती जमेल?

मजला विचारला तर मी तिसरा ते सहावा सांगते. तळमजल्याच्या खिडक्या रस्त्यावरून हाताशी येतात, आणि अग्निशमन दलाच्या पुष्कळ शिड्या साधारण 30 मीटरपर्यंतच पोचतात. त्याहून वरचा मजला मिळाला म्हणून झोप उडवून घेऊ नका, फक्त जिना नीट बघा.

छुपे कॅमेरे. यावर भीतीचा बाजार बराच चालतो, पण प्रकार खरा आहे. 2019 मध्ये दक्षिण कोरियात पोलिसांनी 10 शहरांतल्या 30 ठिकाणी 42 खोल्यांत कॅमेरे लावल्याचं उघड केलं. सुमारे 1600 जणांचं चित्रीकरण होऊन ते थेट दाखवलं जात होतं. कॅमेरे होते टीव्हीच्या बॉक्समध्ये, भिंतीतल्या सॉकेटमध्ये, हेअर ड्रायरच्या स्टँडमध्ये. तिन्ही जागा पलंगाकडे तोंड करून असतात किंवा विजेला जोडलेल्या असतात. तेच सूत्र धरून शोधा. दिवे घालवा, टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरून अशा वस्तूंवरून हळू फिरवा, भिंग असेल तर बारीक ठिपका चमकतो. आरसा पलीकडून आरपार दिसणारा आहे का हे ओळखायला त्याला नख टेकवून बघायची युक्ती सोडून द्या, तिच्यावरून काही ठरत नाही. आरशाला कपाळ टेकवा, दोन्ही हातांनी उजेड अडवा आणि आत बघा. काही सापडलंच, तर ते उपटू नका. त्यावर कापड टाका, फोटो काढा, खोलीबाहेर पडा आणि पोलिसांना बोलवा. मॅनेजरला आधी बोलावलं तर वस्तू नाहीशी व्हायची भीती असते.

सेफबद्दल थोडक्यात. स्वतःचा कोड विसरणारे पाहुणे रोजचे, त्यामुळे सेफ उघडायची दुसरी सोय हॉटेलकडे असतेच. काही ठिकाणी तर कारखान्यातून आलेला मास्टर कोड कुणी बदललेलाही नसतो. सेफ हाताने हलवून बघा. कपाटातून उचलून येत असेल तर ती नुसती पेटी आहे. गेल्यावर प्रवास अडेल अशी वस्तू मी तिच्यात ठेवत नाही. बाहेर जाताना टीव्ही चालू, दाराला 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी. पण ती पाटी म्हणजे कुलूप नव्हे, बऱ्याच हॉटेलांत ठराविक काळानंतर पाटी असली तरी आत येऊन बघतात.

राहिलं रात्रीचं दार आणि रात्रीचा फोन. कुणी ठोठावून 'मेंटेनन्स' म्हणालं आणि तुम्ही बोलावलं नसेल, तर दार न उघडता रिसेप्शनला फोन लावा आणि विचारा, कुणाला पाठवलंय का. खरा कर्मचारी दोन मिनिटं उभा राहतो. आणि रात्री दीड वाजता फोन आला, 'रिसेप्शनवरून बोलतोय, तुमचं क्रेडिट कार्ड चाललं नाही, नंबर परत सांगता का', तर तो फोन रिसेप्शनवरून आलाय असं धरून चालू नका. बाहेरून फोन करून 'अमुक खोलीला जोडा' म्हटलं की तो जोडून मिळतो. 'सकाळी खाली येऊन देते' म्हणा आणि ठेवून द्या.