बेवारस कुणी ठरवली?

(दृश्य: जांभ्याच्या गडग्याला लागून उभी पांढरी गाडी. बॉनेटवर ओला पातेरा, काचेवर माडाच्या झावळीचा काळा डाग.)

शिमग्याला आणलेली गाडी. पालखी झाली, सुटी संपली, चाकरमानी रेल्वेने मुंबईला परतला आणि गाडी इथेच राहिली. घर पाखाडीच्या वरच्या टोकाला. जांभ्याच्या पायऱ्यांवर चाक चढत नाही, म्हणून गाडी खाली रस्त्याच्या कडेला. मग मृग लागतो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. दोन महिन्यांत बॅटरी उतरते. ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे मागचे लायनर ड्रमला चिकटतात. चाकावरच्या कमानीला रंगाखाली फोड येतात; बोटाने दाबले तर तपकिरी पूड हाताला लागते. एक टायर बसतो. बंपरच्या जाळीतून वेल वर चढते.

गणपतीच्या तोंडावर रस्ते मोकळे करायची मोहीम निघते, क्रेन येते. मालक चतुर्थीच्या आदल्या दिवशी गाडीतळाशी पोचतो, तेव्हा तिथे गवत न उगवलेला मातीचा चौकोन आणि तुटलेली वेल एवढंच उरलेलं असतं.

(दृश्य: नगरपरिषदेचा फलक. जाहीर नोटीस, बेवारस म्हणून लिलावात काढायच्या गाड्यांच्या क्रमांकांची यादी. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.)

नोटिशीतला 'बेवारस' हा शब्द नीट वाचा. ज्याला वारस नाही, ज्यावर कुणी हक्क सांगत नाही, ते बेवारस. गंज, वेल, बसलेला टायर यावरून गाडी नादुरुस्त आहे एवढंच सिद्ध होतं. म्हणून तुमचा पहिला लेखी अर्ज हाच तुमचा सर्वांत मोठा पुरावा. तो ज्या तारखेला आवक झाला, त्या तारखेपासून 'मालक सापडत नाही' असं कार्यालयाला म्हणता येत नाही. लिलावाची तारीख त्याच्या आधी उलटून गेली, तर मात्र पुढचं सगळं भांडण गाडीचं न राहता पैशांचं होतं.

गाडी उचलायचा अधिकार कुठून येतो, ते आधी पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८. कलम १२७. सार्वजनिक जागी गाडी दहा तास किंवा त्याहून जास्त वेळ टाकून दिलेली किंवा लक्ष न देता सोडलेली असेल, किंवा मनाई असलेल्या जागी उभी असेल, तर ती हलवण्याची परवानगी त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. दहा तास! महिनोन्महिने उभ्या गाडीला हा मुद्दा अवघडच आहे, हे मान्य करून पुढे चला. गाडीमुळे वाहतुकीला धोका असेल, तर ती लगेच हलवता येते. टोइंगचा खर्च दोन्ही वेळा मालकाच्या माथी.

नगरपरिषदेचा स्वतःचा अधिकार वेगळा. तो महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ मधून येतो आणि तो सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे व अतिक्रमणं हटवण्यापुरता असतो. चूक नेमकी इथे होते. आदेशात कलम १२७ लिहिलेलं असतं, पण पोलीस अधिकाऱ्याची परवानगी कुठेच नसते; किंवा सफाईच्या ठेकेदाराने तोंडी सांगण्यावरून गाडी उचललेली असते. शिवाय अडथळा हटवणं वेगळं आणि गाडी विकून टाकणं वेगळं. घटनेचा अनुच्छेद ३००-अ सांगतो की कायद्याच्या आधाराखेरीज कुणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. विक्रीचा आधार कोणता, हे वेगळं विचारा.

(दृश्य: पोलीस ठाण्याचा व्हरांडा, नंतर आवक-जावक टेबल.)

पहिल्या दिवशी आधी पोलीस ठाणं. ठाणे दैनंदिनीत टोइंगची नोंद आहे का, ते विचारा. नोंद नसेल आणि नगरपरिषदही 'आम्ही नेली नाही' म्हणत असेल, तर त्याच दिवशी चोरीची फिर्याद द्या आणि विमा कंपनीला कळवा. हे दोन दिवसांवर ढकलू नका.

नगरपरिषदेने नेली असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, दोन प्रतींत. एक टेबलावर, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का. फोनवर 'बघतो, या उद्या' हे उत्तर मिळालं तरी अर्ज द्यायचाच. त्यात हे वाक्य असू द्या: 'सदर वाहन माझ्या मालकीचे असून मी ते सोडून दिलेले नाही, त्याचा लिलाव, विक्री अथवा भंगार विल्हेवाट करण्यात येऊ नये.' खाली मागणी: उचलण्याच्या आदेशाची प्रत, पंचनामा, उचलण्याआधीचे फोटो, नोटीस व ती बजावल्याचा पुरावा, गाडी सध्या कुठे आहे ते ठिकाण. चौकात सीसीटीव्ही असेल तर त्या तारखेचं चित्रीकरण जपून ठेवा, असंही लिहा. जुन्यावर नवं चित्रीकरण चढायला फार दिवस लागत नाहीत. सोबत आरसी, ओळखपत्र, विमा.

प्रती तीन ठिकाणी: पोलीस निरीक्षक, जिल्हाधिकारी कार्यालयातली नगरपालिका प्रशासन शाखा आणि आरटीओ. लिलावाआधी मूल्यांकन आणि नंतर नोंदणी रद्द करणं, ही दोन्ही कामं आरटीओशी जोडलेली असतात, म्हणून ही शेवटची प्रत महत्त्वाची. पाटी एमएच ०६, ०७ किंवा ०८ असेल तर अनुक्रमे रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी. मुंबईची पाटी असेल तर मुंबईतल्या नोंदणी कार्यालयालाही पाठवा.

आता मालकाची दुखरी बाजू. नोटीस जाते ती आरसीवरच्या पत्त्यावर. परळची चाळ पाडून दहा वर्षं झाली आणि आरसीवर पत्ता तोच असेल, तर पाकीट परत येतं आणि कार्यालय म्हणतं, नोटीस पाठवली होती. पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचं असतं. गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील गेलेले असतील, तर फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. ते झालेलं नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा कागद अर्जाला जोडा. गाडी विकत घेऊन नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० चं काम अर्धवट राहिलं असेल, तर जुन्या मालकाचं संमतिपत्र लागेल. विमा किंवा पीयूसी संपली असेल, तर तो वेगळा गुन्हा आणि त्याचा दंड वेगळा. त्यावरून गाडी बेवारस ठरत नाही, हे कार्यालयात शांतपणे सांगता येतं.

(दृश्य: गडग्याचा कोपरा, विजेचा खांब, मधल्या जागेवर टेप धरलेले दोन हात.)

चाकं नेमकी कुठे होती, या एका प्रश्नावर बरीच प्रकरणं फिरतात. कलम १२७ सार्वजनिक जागेपुरतं आहे. कोकणात गडगा आणि डांबर यांच्या मधली दोन-चार फुटांची पट्टी कुणाची, हे अनेकदा गावालाच ठाऊक नसतं. शहरात मिळकत पत्रिका, बाहेर सातबारा आणि नकाशा काढा. वाद तापला तर उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज. रस्ताही प्रत्येक वेळी नगरपरिषदेचा नसतो: ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम विभाग, राष्ट्रीय महामार्ग ६६, बंदरावर मेरीटाइम बोर्ड. हद्द दुसऱ्याची निघाली तर नगरपरिषदेच्या आदेशाचा पायाच डळमळतो. फोटो काढताना न हलणारी खूण चौकटीत घ्या, विजेच्या खांबावरचा क्रमांक सर्वांत चांगला. उचलताना चाकांनी ओढलेल्या रेघा अजून दिसत असतील, तर आजच टिपा. एका सरीत त्या जातात.

कागद मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर ३० दिवसांत पहिलं अपील. 'गाडी का उचलली' असा प्रश्न लिहू नका. कारणं विचारली की उत्तर टोलवता येतं. नस्ती (म्हणजे फाइल), आदेश, ठेकेदाराचा कार्यादेश, टोइंगचे दर ठरवणारा सर्वसाधारण सभेचा ठराव, यांच्या प्रती मागा.

गाडी ताब्यात घेणं मात्र या उत्तरासाठी थांबवू नका. जागाभाडं रोज वाढत असेल, तर पैसे भरून गाडी सोडवावी आणि मग भांडावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. भरताना अर्जावर लिहा: 'हक्क राखून, हरकतीसह भरणा.' पावतीत टोइंग, जागाभाडं, दंड वेगवेगळे दाखवून घ्या.

(दृश्य: उघड्यावर रचलेल्या गाड्या. एका बॉनेटखाली कागद आणि पेन्सिल.)

ताबापावतीवर सही करण्याआधी गाडी पाहा. चेसिस क्रमांक बहुतेक छोट्या गाड्यांत बॉनेटच्या आत फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) असतो, काहींत पुढच्या सीटखाली. खाऱ्या हवेत त्यावर गंजाची पपडी धरते. सँडपेपरने घासू नका, अक्षरं पुसट होतात आणि पुढे आरटीओत शंका येते. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, पातळ कागद ठेवा, पेन्सिल आडवी धरून फिरवा. १७ अक्षरं आरसीशी जुळवा. मग बॅटरी, स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टीम, सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पुढच्या चाकांनी चालणारी गाडी गिअरमध्ये असताना मागून उचलून ओढली, तर मार गिअरबॉक्सला बसतो. हूकऐवजी लोअर आर्मला साखळी बांधली, तर चाक तिरकं उभं दिसतं. जे दिसेल ते पावतीवरच लिहा आणि मग सही करा.

पोलिसांनी गाडी जप्त म्हणून दाखवली असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे ताब्याचा अर्ज करता येतो. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की फोटो आणि बंधपत्र घेऊन वाहनं सोडावीत, ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत.

लिलाव ठरला असेल तर वेळ थोडा. नगरपरिषदेचा बेकायदा आदेश किंवा ठराव स्थगित करण्याचा अधिकार १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तिथे आवक शिक्क्याची प्रत घेऊन स्वतः जा. दिवाणी दाव्याआधी नगरपरिषदेला एक महिन्याची लेखी नोटीस लागते, म्हणून तातडीच्या मनाई हुकमाचं काय, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न. रिट याचिकेसाठी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गकरांना ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, रायगडला मुंबईच.

प्रत्येक गाडीसाठी इतकं लढावं असंही नाही. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरासारख्या पाण्यात बुडालेली, फ्लोअरला पाय आरपार जाणारी गाडी परत आणून पुन्हा त्याच कडेला लावणं शेजाऱ्यांवर अन्याय आहे. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याची खात्री करा. नाहीतर ती गाडी कागदावर तुमचीच राहते.

(दृश्य: आगोटीचे दिवस. बॉनेट उघडं, दहाचा पाना बॅटरीच्या टर्मिनलवर.)

गाडी ठेवून जायचीच असेल तर पावसाआधी अर्धा तास काढा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडा. हँडब्रेक खाली, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे तुकडे. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. पुढच्या काचेला आतून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद: नाव, गावातल्या माणसाचा फोन, गाडी ठेवल्याची तारीख. त्याच मजकुराचं पत्र नगरपरिषदेत आवक करून प्रत घरात. आणि गावातल्या त्या माणसाला किल्ली देऊन सांगा, पंधरा दिवसांनी एकदा गाडी हातभर पुढे-मागे ढकल आणि वेल तोड.