थाळीत मावणारं पापलेट

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या रविवारी मासळीबाजारात गेलो होतो. नेहमीच्या मावशींच्या पाटीत पापलेटं मांडलेली, पण कशी? तळहातावर आरामात बसतील एवढी. म्हटलं, "मावशी, ही तर पोरं आहेत." मावशींनी पाटीवर पाणी मारलं नि म्हणाल्या, "हॉटेलवाले हीच नेतात, दादा. मोठं त्यांच्या ताटात मावत नाही."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. थाळीत अख्खं तळलेलं पापलेट पाहिजे, आणि थाळी परवडलीही पाहिजे. दोन्ही जमवायचं तर मासा लहानच लागणार. म्हणजे समुद्रातून केवढा मासा काढायचा, हे तुमच्या-माझ्या ताटाच्या काठाने ठरवलं.

२०२३ साली रुपेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशीवरून राज्य सरकारने ५४ जातींचे किमान आकार ठरवून दिले. त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. आता पट्टी घेऊन बाजारात कोण जातो? हात आहे ना. मोठ्या माणसाची वीत साधारण २०० मिलिमीटर भरते. बोंबील वितीला थोडा कमी चालेल, सुरमई दोन वितींच्या जवळपास हवी. पापलेट मनगटापासून मधल्या बोटाच्या मध्यापर्यंत तरी पोचलं पाहिजे. आणि हा झाला किमान आकार. त्याहून मोठं मिळालं तर उत्तमच.

सगळं खापर नाखव्याच्या डोक्यावर फोडणं सोपं आहे. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत उभं असतं, तोंड मोठं आणि शेपटाकडे आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक होत गेलेली. पाण्याबरोबर येईल ते आत. पिल्लू वर येईपर्यंत मेलेलंच असतं, ते परत टाकून कुणाचं भलं होणार? पण डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा हे सगळं अंगावर असताना बारक्या मासळीलाही गिऱ्हाईक आहे असं दिसलं, तर आस मोठा कोण ठेवील? पालघरचं सातपाटी पापलेटासाठी नावाजलेलं गाव. मासा वाढायच्या आधीच उचलला, की उद्याचं नुकसान सगळ्यात आधी अशा गावाचं होतं.

आणखी एक सवय, माझीही. "मावशी, गाबोळीवाली बघून द्या." तळलेली गाबोळी मला फार आवडते, खोटं कशाला बोलू. पण एकीकडे पिल्लं खायची, दुसरीकडे अंडी.

पावसाळ्याचं तेच. मासळीच्या अंडी घालायच्या या दिवसांत, आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. पूर्व किनाऱ्यावर ही बंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला संपते. तेव्हा जुलैत कुणी "एकदम ताजं" म्हणून पापलेट पुढे केलं, तर ते बहुधा बर्फात लांबचा प्रवास करून आलेलं, शीतगृहातलं, नाहीतर बंदी मोडून आणलेलं. आमच्या आजीच्या घरात हा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात आगोटीची खरेदी व्हायची, सुके बोंबील, सोडे, जवळा डब्यात जायचे, आणि बाहेर पाऊस कोसळत असताना चुलीवर जवळ्याची चटणी. नारळी पौर्णिमेपर्यंत ताज्या मासळीचं नावही कुणी काढत नसे.

परवा मी मांदेली घेतली. ती पूर्ण वाढली तरी लहानच असते, थाळीत सहज मावते. मावशी हसल्या, "पापलेट सोडलंत काय, दादा?"

"नाही हो. हातभर आलं की फोन करा."

त्यांनी नंबर लिहून घेतलाय. फोन अजून आलेला नाही.