बीबी फातिमांचं जातं

नमस्कार श्रोतेहो. पैगंबरांची लाडकी लेक, हजरत अलींची पत्नी, हसन-हुसेन यांची आई, म्हणजे बीबी फातिमा. १९१२ साली आँरी लामेन्स या बैरुतच्या जेझुइट पाद्र्यांनी त्यांच्यावर फ्रेंचमध्ये पुस्तक लिहिलं. त्यातल्या फातिमा कशा? रूप बेताचं, सदा आजारी, सदा रडणाऱ्या.

आता हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या आणि आठवणींच्या संग्रहातला, एक प्रसंग ऐका. माझ्या फार आवडीचा आहे.

मदिनेतलं घर. हाताखाली कुणी नाही. दळण फातिमाच दळायच्या, जातं ओढून ओढून हात सोलवटले होते. वडिलांकडे युद्धातले कैदी आलेत असं कानावर आलं. एखादं माणूस कामाला मिळेल, म्हणून त्या गेल्या. वडील घरी नव्हते. निरोप ठेवला पैगंबरांच्या पत्नी आयेशांपाशी. हे लक्षात असू द्या, आयेशांपाशी. आणि आयेशांनी तो पोचवला. रात्री पैगंबर आले तेव्हा फातिमा आणि अली आडवे झाले होते. दोघं उठायला लागले, तर म्हणाले, असू दे, पडून राहा. आणि दोघांच्या मधे येऊन बसले. अली सांगतात, त्यांच्या पावलांचा गारवा माझ्या छातीला लागला. पैगंबर म्हणाले, नोकरापेक्षा चांगलं काही सांगू? निजताना ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह, ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणत जा. पुढे अली म्हणायचे, तेव्हापासून मी हे कधी चुकवलं नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीसुद्धा? म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीसुद्धा.

जात्यावरून आठवलं. विजापूरच्या सुफींचे दख्खनीतले चक्कीनामे बायका दळताना म्हणायच्या, आपल्या ओव्यांसारखेच. माझं तर ठाम मत आहे, ओवी पुस्तकात वाचून कळत नाही. ती दळणाऱ्या बाईच्या तोंडूनच ऐकावी.

असो. लामेन्स यांनी अरबी ग्रंथ कसून वाचले होते. पण फातिमांना कमीपणा आणणारी गोष्ट दिसली की ती खरी, थोरवी सांगणारी दिसली की ती मागाहून रचलेली, असा त्यांचा न्याय. इटलीच्या लॉरा वेच्चा वाग्लिएरी यांनी पुढे इस्लामच्या विश्वकोशात फातिमांवर लिहिताना या पक्षपातावर बोट ठेवलं.

फातिमा आणि आयेशा यांना एकमेकींसमोर उभं करायची खोडही जुनीच. म्हणून म्हटलं, निरोप कुणी पोचवला ते लक्षात असू द्या.

आणि आयेशांबद्दल वाचायचं, तर नाबिया अ‍ॅबट. मार्दिनला जन्म, शाळा आपल्या मुंबईत, कॉलेज लखनौला, मग शिकागो विद्यापीठात संशोधन. १९४२ साली आलेल्या, त्यांनी लिहिलेल्या आयेशांच्या चरित्रात पैगंबरांची तरुण पत्नी तर भेटतेच, पण ६५६ साली ‘उंटाची लढाई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लढाईत उतरलेली, राजकारण जाणणारी बाईही भेटते. मराठीत ते चरित्र कुणीतरी आणायला हवं, मनापासून सांगते.